मिरगाआधी केबलचे जोड बघून घ्या

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी लगबग सुरू होते. कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा, पडवीला पावसाच्या बाजूने आडोसा करायचा. या कामांत आणखी एका कामाची भर पडायला हवी, आणि ती बहुतेक घरांत अजून पडलेली नाही. घराबाहेरून गेलेल्या नेटवर्क केबलचे जोड एकदा उघडून बघणं, हे ते काम.

फाटकावरचा कॅमेरा, कलमांच्या बागेतला कॅमेरा, होमस्टेच्या खोल्यांसाठी मांगराच्या भिंतीवर लावलेला वायफायचा डबा, सोसायटीच्या गच्चीवरून खाली उतरलेली इंटरनेटची वायर, हे सगळं उन्हाळाभर बिनतक्रार चालतं. जुलैत ते एकेक करून रुसायला लागतं. मग तालुक्याहून माणूस यायचा तर पाऊस उघडायला हवा, आणि तो आला तरी भर पावसात ओला जोड तो ओल्यावरच बांधून जातो. अशा वेळी दोष केबलला किंवा कॅमेऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात अखंड केबल सहसा बिघडत नाही. बिघडतो तो तिच्या टोकाचा प्लग, आरजे-४५ नावाचा तो पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा.

बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा प्लग काढून उजेडात धरा आणि त्यातल्या आठ पिना नीट बघा. चांगल्या प्लगच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. तो सव्वा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पन्नास मायक्रोइंच असावा अशी अपेक्षा आहे. स्वस्त प्लगवर मात्र सोन्याचा नुसता हात फिरवलेला असतो. मुलाम्याखाली निकेल आणि त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. मुलामा पातळ असला की त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात आणि ओल तिथून तांब्यापर्यंत पोचते. एवढ्यानेही नुकसान हळूहळूच झालं असतं. पण आजकाल बाहेरच्या बहुतेक कॅमेऱ्यांना वीजही याच केबलमधून जाते, ज्याला पीओई म्हणतात. म्हणजे जेमतेम एक-एक मिलिमीटरच्या अंतरावर असलेल्या पिनांमध्ये ४८ व्होल्टच्या आसपासचा डीसी दाब चोवीस तास उभा असतो. मध्ये ओलाव्याची फिल्म आली, त्यात समुद्रावरच्या वाऱ्याचं मीठ मिसळलं, की तिथे विद्युतविच्छेदन सुरू होतं आणि अधिक बाजूच्या पिनेचा धातू विरघळायला लागतो. स्वस्तातल्या पॅसिव्ह पीओई अडॅप्टरमध्ये बहुधा चार आणि पाच क्रमांकाच्या पिना, म्हणजे निळी जोडी, अधिक असते आणि सात-आठ, म्हणजे तपकिरी जोडी, उणे. म्हणून खराब झालेल्या प्लगमध्ये अनेकदा नेमक्या मधल्याच दोन पिना काळ्या-हिरव्या झालेल्या दिसतात आणि कडेच्या लखलखीत असतात. असा प्लग दिसला तर समजायचं, ओल आत शिरली होती आणि वीज चालू होती.

पॅसिव्ह अडॅप्टरची आणखी एक खोड आहे. ८०२.३ मानकाप्रमाणे चालणारा पीओई स्विच वीज सोडण्याआधी पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का हे तपासतो, नसेल तर वीज देत नाही. पॅसिव्ह अडॅप्टर असलं काही बघत नाही. केबलचं दुसरं टोक उघडं लोंबत असलं तरी वीज चालूच. पुढेमागे कॅमेरा लावू म्हणून बाहेर काढून ठेवलेली अशी केबल पावसाळ्यात नुसती लोंबून कुजते. ती वापरात नसेल तर घरातलं टोक उपटून ठेवा.

जोड पूर्ण मरायच्या आधी खुणा देतो, फक्त त्या ओळखता यायला हव्यात. सगळ्यात बोलकी खूण रात्री दिसते. दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडल्यावर बंद-चालू व्हायला लागतो. अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याला जास्त करंट लागतो, आणि गंजलेल्या पिनेच्या वाढलेल्या रोधामुळे तेवढ्यात व्होल्टेज पडतं. लोक कॅमेरा बदलतात आणि नवा कॅमेराही तसंच करतो. दुसरी खूण वेगाची. एक गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला फक्त नारिंगी आणि हिरवी. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी खराब झाली की नेट जात नाही, फक्त जोडणी शंभरावर घसरते. वायफायच्या डब्याच्या किंवा स्विचच्या सेटिंगच्या पानावर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. काल १००० होतं आणि आज १०० दिसलं तर बाहेरच्या जोडाकडे जा. वायरमनच्या हातातल्या टेस्टरवर आठही दिवे लागले म्हणून निश्चिंत होऊ नका. तो टेस्टर तार अखंड आहे एवढंच सांगतो, पिनेवर किती गंज चढलाय ते त्याला कळत नाही.

आता उपायांकडे. बहुतेक ठिकाणी हे काम टेपपासून सुरू होतं, आणि तिथेच चुकतं. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीच्या घरात. त्यातला बराचसा वाऱ्याबरोबर आडवा येतो. असा पाऊस चार महिने नुसत्या टेपच्या जोरावर अडवून धरायचा म्हणजे अवघड पैज. त्यापेक्षा जोड पावसाच्या तोंडाशी ठेवूच नका. कॅमेऱ्याची शेपटी जेमतेम वीतभर असते, म्हणून जोड कॅमेऱ्यामागेच लोंबत ठेवतात. पण कॅमेरा वळचणीखाली एक हात आत सरकवला, किंवा भिंतीला भोक पाडून शेपटीच आत घेतली, तर जोड कोरड्यात येतो आणि निम्मं काम तिथेच होतं. वळचण घ्यायची तीही पावसाच्या पाठीकडची. कोकणात झड बहुधा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येते, त्यामुळे पूर्वेच्या भिंतीवरचा जोड पश्चिमेच्या भिंतीवरच्यापेक्षा नक्कीच जास्त टिकतो. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत तर जोड कधीच नको. जमिनीवरून उडणारे शिंतोडे दोन-अडीच फुटांपर्यंत सहज येतात, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट झोळाची. केबल वरून खाली येते तसं पाणीही तिच्या अंगावरून ओघळत खाली येतं आणि केबल जिथे शिरते तिथे तेही शिरतं. म्हणून घरात, बॉक्समध्ये किंवा कॅमेऱ्यात शिरण्याआधी केबल भोकाच्या चांगली वीतभर खाली उतरवायची आणि मग वर वळवून आत न्यायची. झोळाच्या तळाशी पाणी टपकून जातं. वळण फार आवळू नका. कॅट-६ केबल साधारण सहा मिलिमीटर जाडीची, तिचं वळण निदान अडीच सेंटिमीटर त्रिज्येचं हवं. भिंतीतलं भोकही सरळ पाडू नका, आतून बाहेर किंचित उताराचं पाडा. या दोन्ही गोष्टींना एक पैसा लागत नाही, तरी दहा घरांपैकी नऊ घरांत त्या केलेल्या नसतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

झोळालाही न जुमानणारी एक वाट आहे, ती केबलच्या आतली. सालीला कुठे चीर पडली, खारीने किंवा उंदराने कुरतडलं, तर पाणी आत शिरतं आणि तारांच्या पिळांमधून थेट खालच्या टोकापर्यंत उतरतं. गच्चीवर पडलेलं पाणी घरातल्या रेकॉर्डरच्या पोर्टमधून टपकताना बघितलेले लोक आहेत. ही वाट बंद करायची तर केबलच योग्य हवी. घरातली करडी किंवा निळी पीव्हीसी सालीची केबल उन्हात कडक होते, तिला बारीक भेगा जातात. बाहेरच्या केबलची साल काळ्या पॉलिथिनची असते. तो काळा रंग काजळीचा असतो आणि तीच उन्हापासून साल राखते. पावसाळी भागात जेल भरलेली केबल मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्या. चीर पडली तरी जेल पाण्याला पुढे सरकू देत नाही. हात चिकट होतात म्हणून वायरमन ती टाळतात, त्यांना आग्रह करा.

घेताना आणखी एक पारख करायची. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे, दुकानात सीसीए नावाने ओळखली जाणारी. ती हलकी, स्वस्त आणि बाहेरच्या कामाला सर्वस्वी निरुपयोगी. कापलेल्या टोकाशी अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं शेजारी-शेजारी उघडे पडतात, त्यात ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जाऊन पांढरी भुकटी उरते. शिवाय तिचा रोध जास्त, म्हणून पीओईची वीज वाटेतच गळते. केबलच चुकीची असेल तर जोडावर कितीही मेहनत घेतली तरी ती फुकट आहे.

आता जोड. शक्य असेल तिथे तो बॉक्समध्ये असावा. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसचा, आयपी६५ किंवा ६६ लिहिलेला बॉक्स इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पण तो आकडा बॉक्स बंद असेपर्यंतचा. बाजूला ड्रिलने भोक पाडून त्यातून केबल ढकलली की आकडा गेला. केबल तळाकडूनच आत घ्यायची आणि ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती आवळता येणाऱ्या रबरी कडीच्या बुचातून घ्यायची. सहा मिलिमीटरच्या केबलला पीजी-७ किंवा पीजी-९ ग्लँड चालते. त्यातून प्लग जात नाही, म्हणून केबल आधी ओवायची आणि प्लग नंतर क्रिंप करायचा. एका ग्लँडमधून दोन केबली कोंबल्या तर मधल्या फटीतून पाणी येणारच, तेव्हा प्रत्येकीला वेगळी ग्लँड द्या. न वापरलेल्या भोकांना बूच लावा. बॉक्सच्या आतून भिंतीत स्क्रू मारला तर त्या भोकातूनही पाणी येतं. जांभ्याची भिंत तर पावसाळाभर ओल धरून असते, तिला बॉक्स चिकटवू नका, मागे वायसर घालून बोटभर फट ठेवा.

बॉक्स पूर्ण हवाबंद करावा की तळाला भोक ठेवावं, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. माझं मत असं, की वळचणीखाली असलेल्या बॉक्सला तळाशी एक बारीक भोक हवंच. दिवसा बॉक्स तापतो, आतली हवा बाहेर जाते, संध्याकाळी सर आली की तो थंड पडून बाहेरची दमट हवा आत ओढतो. ग्लँड कितीही आवळली तरी ही ये-जा थोडीफार चालते. आत आलेल्या बाष्पाचं पाणी होतं, आणि भोक नसेल तर ते तिथेच साचतं. भोकावर आतून नायलॉनची बारीक जाळी चिकटवा, नाहीतर मुंग्या आणि कुंभारमाशी तिथे संसार थाटतात. उघड्यावरच्या बॉक्सला मात्र भोकाऐवजी पडद्याची ब्रीदर ग्लँड बसवा, ती हवा सोडते आणि पाणी अडवते. सिलिका जेलची पुडी कोकणच्या जुलैत काही दिवसांतच भरून जाते, तिच्यावर विसंबू नका.

कॅमेऱ्याच्या खोक्यात एक छोटी पिशवी येते. तिच्यात प्लास्टिकचं नळकांडं, त्याचं नट, एक रबरी चकती आणि एक कडी असते. ही जोडाची जलरोधक टोपी. केबल आधी तिच्यातून ओवून मग प्लग क्रिंप करावा लागतो, त्यात पाच मिनिटं जास्त जातात, म्हणून बहुतेक ठिकाणी ती खोक्यासकट कचऱ्यात जाते. कॅमेरा लावायला माणूस आला की ही पिशवी मागून घ्या आणि तो ती बसवतो का ते शेजारी उभं राहून बघा. प्लग कुठला आणलाय तेही बघा. तारा समोरून आरपार बाहेर काढून कापायचे पास-थ्रू प्लग हल्ली लोकप्रिय आहेत. घरात ते सोयीचे आहेत, बाहेर नकोत, कारण प्लगच्या नाकाशी आठ तारांची कापलेली टोकं उघडी राहतात.

प्लग लावण्याआधी पिनांवर सिलिकॉनचं डायलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावा. ते विजेचं वाहक नाही, पण पिना एकमेकींवर दाबल्या जातात तिथून ते बाजूला सरतं आणि उरलेल्या जागेत ओलीला शिरकाव राहत नाही. घरातली पेट्रोलियम जेली वापरू नका, मेच्या उन्हात ती पातळ होऊन वाहून जाते.

टोपी बसत नसेल तरच टेप, आणि तीही तीन थरांची. पहिला थर साध्या पीव्हीसी टेपचा, उद्या जोड उघडताना मदत व्हावी म्हणून. दुसरा थर खरा रक्षक. सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप मागून घ्या. तिला गोंद नसतो, ती स्वतःशीच एकजीव होते. मधला प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा आणि लांबी जवळजवळ दुप्पट होईपर्यंत ताणत गुंडाळायची. ताण दिला नाही तर ती एकजीव होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच केबल झाकली जाईल इतकी लांब घ्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा आणि खालून वर जायचं, म्हणजे वेढे कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी फटीत न शिरता घसरून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक वेढ्याची कडा पाण्याला झेलत उभी राहते. तिसरा थर पुन्हा काळ्या पीव्हीसी टेपचा, रबराला ऊन लागू नये म्हणून. शेवटचा वेढा न ताणता नुसता टेकवायचा आणि टेप कात्रीने कापायची. ताणून तोडलेलं टोक आठवड्यात सुटून फडफडायला लागतं. जोड उभा लोंबत असेल तर ठीक, आडवा असेल तर त्याच्या तळाला पाणी साचणार नाही असा वाकवा.

सिलिकॉनच्या ट्यूबबद्दल स्पष्ट सांगायला हवं. लावताना शिरक्याचा आंबट वास येतो ते सिलिकॉन जोडावर कधीही लावू नका. वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि बंद जागेत ते तांबंच खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा, आणि तेही भिंतीचं भोक बुजवायला किंवा बॉक्सच्या वरच्या कडेला. एम-सीलने जोड लिंपणं हाही आवडता उपाय आहे. लिंपलेला जोड पुढच्या वेळी फोडावाच लागतो, म्हणून मी त्याच्या विरोधात आहे.

सगळ्यात महत्त्वाची अट वेळेची. ओला जोड कितीही उत्तम बांधला तरी ओल आत कोंडली जाते आणि वीज आपलं काम करत राहते. म्हणूनच हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या दिवशी दुपारी करायचं. भर पावसाळ्यात करावंच लागलं तर जोड घरात घेऊन, हेअर ड्रायरच्या कोमट झोताने पूर्ण सुकवून मगच बांधा. आणि हात लावण्याआधी घरातली वीज बंद. २३० व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर बाहेरच्या बॉक्समध्ये ठेवू नका. पीओईचा खरा फायदा हाच, की बाहेर कमी दाबाचीच वीज जाते.

प्लग आधीच हिरवा झाला असेल तर तो साफ करत बसू नका, कापून टाका. तार चकचकीत तांब्याची दिसेपर्यंत मागे कापत जा. हातभर कापूनही तांबं काळंच निघालं तर ती केबल गेली. यासाठीच केबल ओढताना दोन्ही टोकांना हात-दीड हात जास्तीची गुंडाळी ठेवायची. कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या पिना मात्र कापता येत नाहीत. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसा. ब्लेड किंवा पॉलिश पेपर लावला तर गंजाबरोबर उरलासुरला मुलामाही निघतो आणि पुढच्या पावसात ती पीन उभी राहत नाही.

समुद्राच्या अगदी काठावर, मुरूड, गुहागर, वेंगुर्ल्यापासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत, पाऊस नसतानाही मीठ बसत राहतं. तिथे क्लँप आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्या. ३०४ वर खाऱ्या हवेत डाग पडतात, साध्या लोखंडाचं तर विचारूच नका. पांढऱ्या केबल-टाय उन्हाळ्या-दोन उन्हाळ्यात तुटतात आणि केबल जोडावर लोंबायला लागते, काळ्या यूव्ही टाय वापरा. घरापासून मांगर लांब असेल, मध्ये मोकळं अंगण असेल, तर तांब्याची केबल टाकण्यापूर्वी फायबरचा विचार करा. काचेच्या धाग्याला गंज नाही, विजेचा लोळ त्यातून येत नाही, आणि तांब्याच्या केबलची शंभर मीटरची मर्यादाही तिथे नाही. दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर घरात कोरड्यात राहतात. ओढणारी तार पोलादी नसलेली फायबर मागा, म्हणजे विजेला वाटच उरत नाही.

पहिला मोठा पाऊस होऊन उघडीप मिळाली की बॉक्स एकदा उघडून बघा. झाकणाला आतून दवाचे थेंब असतील तर हवा कोंडलीय, तळाचं भोक मुंगीने बुजवलं नाही ना ते पाहा. तळाला पाणी असेल तर ते वरून आलंय. कोरड्या बोटाने ग्लँड, स्क्रूची भोकं आणि झाकणाची रबरी कड चाचपत गेलं की वाट सापडते. झाकणाची रबरी कड खाचेतून सुटून दुमडलेली असणं हे नेहमीचं कारण. ती नीट बसवायची, आत फडकं फिरवायचं, आणि चारही स्क्रू एकाआड एक, समोरासमोर आवळायचे.